राणी सुधारत गेली

मोठ्या बाईंना उत्तर सुचलं नाही, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात एकदाच झालं, आणि ते एका काळ्या कोटामुळे झालं.

कोट वकीलसाहेबांचा. बाईंच्या लाँड्रीत तो दर आठवड्याला यायचा, आणि न्यायला साहेब स्वतः यायचे, कारण काउंटरवर कोपर टेकून दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांच्या जिभेला कोर्टात धार येत नसे. त्या दिवशीही बाईंनी नेहमीसारखा कोट उलटा केला, कॉलर पाहिली, अस्तर पाहिलं, आतल्या शिवणीतली दोऱ्याची खूण बोटाने चाचपली आणि मगच तो पुढे सरकवला.

साहेब म्हणाले, "बाई, एवढी माणसं आहेत तुमच्याकडे, तरी प्रत्येक कपडा तुमच्याच हातून बाहेर जातो. सगळी सत्ता एका हाती राहिली की काय होतं, त्याचे इतिहासात दाखले आहेत बरं का."

"कसले दाखले?"

"खूप आहेत," असं म्हणून साहेब हसले आणि कोट खांद्यावर टाकून निघून गेले.

बाईंना माहीत असलेले दाखले दोनच, एक जन्माचा आणि एक शाळा सोडल्याचा. त्यातला दुसरा त्यांच्या हाती जरा लवकरच, चौथीच्या वर्गात पडला होता. पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. पुरवठादार, सरकारी निरीक्षक, पाण्याचा मीटरवाला, स्वतःचे व्याही, सगळ्यांना त्यांनी जिभेवर घोळवून गिळलं होतं. आणि आज एक माणूस काउंटरवर काहीतरी टाकून गेला होता, आणि ते उचलून त्याच्याच तोंडावर कसं फेकायचं हे त्यांना कळत नव्हतं. दिवसभर त्या धुमसत राहिल्या. त्या धुमसण्यात एका गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा रंगीत कपड्यांत गेला आणि गुलाबी होऊन बाहेर आला. तो त्यांनी "तुम्हाला हाच रंग शोभतो" असं सांगून परत केला.

रात्री जेवताना त्या सुनेला म्हणाल्या, "ते फोनमध्ये कानाने ऐकायचं असतं, ज्ञानाचं, ते मला लावून दे."

"पॉडकास्ट?"

"नाव काही का असेना. इतिहास पाहिजे. राजकारण पाहिजे. आणि ते विचार असतात ना मोठ्या लोकांचे, तेही पाहिजेत. रोज पाहिजे."

सुनेने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता लावून दिलं. ही सून म्हणजे लाँड्रीचा उजवा हात. सकाळी आलेल्या गाठोड्यांची वर्गवारी करायची, यंत्रांत काय कधी घालायचं ते ठरवायचं, दुरुस्तीवाल्याशी वाद घालायचा, ही सगळी कामं तिचीच. फक्त काउंटर आणि काउंटरमागची उंच खुर्ची तिची नव्हती. पूर्वी ती बाईंशीही वाद घालायची. गेलं वर्षभर मात्र प्रत्येक गोष्टीला "हो, आई" म्हणायची, आणि बाई मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायच्या की बघा, वळण लावलं की लागतं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या एका कानात इतिहास आणि दुसऱ्या कानात लाँड्री अशी व्यवस्था झाली. कार्यक्रम रोजचा होता. सांगणारा माणूस समजावून सांगणारा होता, गंभीर आवाजाचा, आणि बाई त्याला "आपले सर" म्हणू लागल्या. सरांच्या एकेका विषयाची मालिका असायची आणि प्रत्येक मालिकेला वेगळं चित्र असायचं, कुठे तलवार, कुठे दाढी, कुठे मुकुट. हे बाईंना फार सोयीचं होतं. फोनवरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नसत, आणि चार बायकांसमोर चष्मा लावणं म्हणजे म्हातारपणाच्या कागदावर सही करणं. तेव्हा चित्र बघायचं, त्या चित्राचा सगळ्यात वरचा भाग दाबायचा, तो संपला की उद्या त्याच्या खालचा. कपड्यांचा ढीग काय कोणी तळापासून उपसतं? वरूनच उपसतात. भागाच्या सुरुवातीला गाद्यांची नाहीतर चपलांची जाहिरात लागायची, ती पळवायला सुनेने एक बाण शिकवला होता. तो बाण बाई सढळ हाताने दाबायच्या. जाहिरातीबरोबर सरांचे नमस्कार-चमत्कारही पळून जायचे, पण बाईंना कुठे सोयरीक जुळवायची होती.

आठ-पंधरा दिवसांत बाई विद्वान झाल्या.

चहाच्या वेळेला यंत्रं थांबायची आणि घड्या घालायच्या लांब टेबलाभोवती वर्ग भरायचा. विद्यार्थिनी तीन. एक सून. दुसरी वाफवाली, म्हणजे वाफेच्या इस्त्रीवर उभी राहणारी, बाईंच्या बरोबरीची आणि तितकीच जुनी. तिसरी घडीवाली, तरुण, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. बाईंचा मुलगा गाडीवरून माल पोचवायचा. तो चहाला यायचा पण वर्गात बसायचा नाही, दारात उभा राहून प्यायचा. वडिलांच्या पश्चात या घरात तोच एक पुरुष होता आणि गप्प राहण्यातला फायदा त्याला लवकर कळला होता.

"मोठ्ठं युद्ध झालं," बाई सांगायच्या. "आणि गंमत बघा. आधी तह केला. सगळे राजे एका टेबलाशी बसले, सह्या केल्या, गळ्यात गळे घातले. आणि मग लागले भांडायला. शेवटी तर एवढ्याशा शेताच्या बांधावरून हमरीतुमरी."

"तह करून मग भांडले?" घडीवाली म्हणाली.

"पुरुष होते ना सगळे."

हेच त्यांनी वकीलसाहेबांना ऐकवलं. लोकांना शांतता पचत नाही साहेब, आधी तह करतात आणि मग त्याला साजेसं भांडण शोधतात. साहेबांनी दुसरंही कोपर टेकलं. मग म्हणाले, "बाई, हे फार खोल आहे." त्या दिवशी कोट देताना बाईंनी अस्तर दोनदा तपासलं, एवढा वेळ ते समोर राहावेत म्हणून.

दाढीच्या चित्राचा एक तत्त्ववेत्ता होता. तो पहिल्याच भागात म्हणाला की आपल्याला काहीच कळत नाही हेच काय ते कळलं. बाईंना वाईट वाटलं. पण पुढे त्याने बराच अभ्यास केला असावा, कारण शेवटच्या भागापर्यंत त्याला सगळं म्हणजे सगळं ठाऊक झालं होतं आणि तो गुरूलाच उलट उत्तरं देत होता. "चिकाटी," बाई वाफवालीला म्हणाल्या. "चिकाटी पाहिजे माणसात."

आणि मग मुकुटाचं चित्र आलं. बारा भाग. डोंगरापलीकडच्या कुठल्याशा राज्यातल्या राणीची गोष्ट.

बाई राणीवर जीव टाकू लागल्या ते पहिल्याच दिवसापासून. त्या दिवशी राणी वारली. भल्यामोठ्या महालात, दारांना आतून कुलपं, उशाशी एक स्वयंपाकीण सोडली तर चिटपाखरू नाही. प्रेताला खांदा द्यायला भाड्याची माणसं आणावी लागली. ऐकताना बाईंच्या हातातली कात्री थांबली.

"पण आधीच मेली, तर अकरा भाग काय सांगणार?" वाफवालीने विचारलं.

"सिनेमात नाही का, आधी मयत दाखवतात आणि मग गोष्ट सुरू होते? नवी पद्धत आहे ती. तुला नाही कळायची."

गोष्ट पुढे सरकत गेली. राणीचा सेनापती तिला सोडून गेला. राणी कुणावर विश्वास ठेवेना, धान्याच्या कोठाराच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला बांधून झोपू लागली. धरणाला तडा गेलेला सगळ्या दरबाराला माहीत होता, पण राणीला सांगायची एकाचीही छाती झाली नाही, आणि खालची गावं वाहून गेली. त्यानंतर मात्र राणीच्या वागण्यात फरक पडत गेला. कर वाढवले होते ते कमी केले. रोज दरबार भरवू लागली. मध्येच तिचं लग्नही झालं.

"आता? या वयात?" वाफवाली म्हणाली.

"राजघराण्यात वय कोण बघतं?"

पुढे तर ती झाडाखाली बसून शेतकऱ्यांच्या तक्रारी स्वतः ऐकू लागली. बाई भारावून गेल्या. आणि याच सुमारास त्यांनी त्यातून आपला सिद्धांत काढला, आणि तो सुनेच्या डोक्यावरून वाफवालीला सांगितला, म्हणजे सुनेला बरोबर लागावा.

"राणी आधी कशी होती? संशयी, कोती. पण बसली. खुर्ची सोडली नाही. आणि जसजशी बसत गेली तसतशी सुधारत गेली. माणूस खुर्चीत मुरावा लागतो. उगीच आज आले आणि उद्या बसले, असं नसतं."

"आणि एवढी सुधारली, तर मेली एकटी का?" घडीवालीने विचारलं.

"लोक कृतघ्न असतात. तो चहा संपव."

सून कपाच्या तळाकडे बघत होती. "हो, आई," ती म्हणाली, पण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

खुर्चीचा विषय निघायला कारण होतं. बाईंच्या लाँड्रीत कपड्याला कागदी चिठ्ठी लावत नसत. आतल्या शिवणीत दोऱ्याची खूण घालत, कुठला रंग, किती टाके, आडवे का तिरके, त्यावरून कपडा कुणाचा, कसा धुवायचा, कधी द्यायचा ते ठरे. ही विद्या बाईंच्या सासूबाईंची. सासूबाईंनी ती मरेपर्यंत कुणाला सांगितली नव्हती, लग्न होऊन आलेल्या बाईंनी ती चोरून, बघून बघून उचलली. आणि सासूबाई गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्या बायकांना टेबलाभोवती गोळा करून खुणा शिकवल्या. वाफवाली त्या दिवसाची आठवण अजून काढायची. पण ते जुनं झालं. मग गिऱ्हाइकं वाढली, नव्या खुणा लागल्या, त्या बाईंनी घातल्या, आणि शिकवायला काही सवड झाली नाही. आता निम्म्याहून जास्त खुणा अशा होत्या की त्यांचा अर्थ फक्त बाईंच्या डोक्यात. बाई डॉक्टरकडे गेल्या की कपडे बांधून तयार असायचे, गाडी दारात उभी असायची आणि सगळी लाँड्री हात बांधून बाईंची वाट बघायची. बाईंना हे दृश्य फार आवडायचं. दुखणं थोडं वाढवूनही त्या ते बघायला तयार असत.

एक दिवस चहाच्या वेळेला सुनेने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, गावाबाहेरच्या नव्या इस्पितळात धुलाई विभाग सुरू होतोय. त्यांना तिथे मुख्य म्हणून बाई पाहिजे. मला बोलावलंय."

दारातल्या मुलाने आपला चहा एका घोटात संपवला आणि गाडी धुवायला गेला.

"मग?" बाई म्हणाल्या.

"उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"घर?"

"घर आहेच. राहणार इथेच. काम तिकडे करीन."

यंत्रं कोण बघणार, गाठोडी कोण लावणार, हे नंतर. आधी बाईंच्या डोळ्यांपुढे आलं ते टेबलाच्या पलीकडचं रिकामं स्टूल. पण असलं काही चेहऱ्यावर दाखवायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

"तुला काय कमी आहे इथे?"

"काही नाही, आई."

"मग खुर्ची पाहिजे असेल."

सून कप गोळा करू लागली.

"उद्या राणीचा शेवटचा भाग आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून ऐकायचा. मोठ्या आवाजात. ती कशी सुधारली, धीर धरणाऱ्याला काय मिळतं, ते तू स्वतःच्या कानाने ऐक. आणि मग काय कळवायचं ते कळव त्यांना."

सुनेने पहिल्यांदाच मान वर केली. "नको आई. स्पीकरवर नको. तुम्ही एकट्याच ऐका."

"का? घाबरलीस?"

"माझं ऐका एवढं."

"तुझं ऐकायचं असतं तर सरांचं कशाला ऐकलं असतं?"

त्या रात्री बाईंना छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, कारण विजय हा गबाळ्या कपड्यांत मिळवू नये. चहाच्या वेळी यंत्रं बंद केली. मुलालाही आत बोलावून बसवलं. फोन टेबलाच्या मधोमध, पालथ्या भांड्यावर टेकवून ठेवला, म्हणजे आवाज घुमेल. मुकुटाचं सगळ्यात खालचं चित्र बाईंनी स्वतः दाबलं. बाणाला मात्र हात लावला नाही. आज सरांचा मान होता, जाहिरातीसकट.

गाद्या झाल्या. चपला झाल्या. संगीत वाजलं. आणि सर म्हणाले, "नमस्कार. आजपासून आपण एक नवी मालिका सुरू करतो आहोत."

बाईंनी भुवया उंचावल्या.

"बारा भागांची ही गोष्ट आहे एका राणीची. सोळा वर्षांची मुलगी गादीवर बसली आणि तिने पहिला हुकूम काढला तो महालाचे दरवाजे बिजागऱ्यांसकट काढून टाकण्याचा. हीच मुलगी पुढे कुलूपबंद महालात एकटी कशी मेली, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहणार आहोत. आज भाग पहिला."

वाफेच्या नळीतून थेंब पडत होता, त्याचा टप टप आवाज येत होता. सर सांगत राहिले. त्या मुलीने धान्याच्या कोठारांच्या किल्ल्या गावोगावच्या पंचांना वाटून टाकल्या. लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. बाई फोनकडे अशा बघत होत्या जसं काही त्यात गुलाबी झालेला पांढरा सदरा आहे.

"म्हणजे," घडीवाली हळूच म्हणाली, "ही सुधारत नव्हती गेली."

वाफवालीने तिच्या पायावर पाय दिला.

बाईंनी हात लांब करून फोन पालथा घातला. सर पोटाशी दाबल्यासारखे बोलत राहिले, मग सुनेने ते बंद केले.

"ढीग," बाई शेवटी म्हणाल्या. "वरचा कपडा शेवटी टाकलेला असतो. तीस वर्षं ढीग उपसतेय मी. मला कळू नये?" आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे तो तह?"

"तह शेवटी झाला, आई," सून म्हणाली.

"आणि तो दाढीवाला?"

"त्याला तरुणपणी वाटायचं सगळं कळतं. म्हातारपणी..."

"पुरे."

मुलगा जमिनीकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी ते हलू दिले. आयुष्यात एकदा त्यांनाही त्याच्या बाजूने हसावंसं वाटलं, पण ते गिळून त्या सुनेकडे वळल्या. "तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. घरी स्वयंपाक करताना मी पहिल्यापासून ऐकत होते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

सून ओढणीच्या टोकाने टेबलावरचा चहाचा डाग पुसत राहिली. "कोण सांगणार होतं तुम्हाला?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं, त्याच्याशी कसं लढायचं ते त्यांना येत होतं.

धरणाचा तडा. सगळ्या दरबाराला माहीत होता. त्या भागाच्या वेळी आपण त्या दरबाऱ्यांना काय काय शिव्या दिल्या होत्या, ते बाईंना आठवलं. त्यातली एक फारच चांगली जमली होती.

त्या उठल्या. मागच्या ढिगातून, वरून नव्हे, अगदी खालून, हात घालून एक सदरा ओढून काढला आणि आतली शिवण उलटी करून टेबलावर आपटली. "बघा इकडे. एकदाच सांगेन. हिरवे दोन तिरके टाके म्हणजे..."

"शाळेच्या मुख्याध्यापकांचा," घडीवाली म्हणाली. "गार पाणी, खळ नाही."

बाईंचं बोट शिवणीवरच राहिलं. त्यांनी दुसरा कपडा ओढला. "आणि हा? निळा आडवा, मध्ये गाठ?"

"दंतवैद्याची बायको," वाफवाली म्हणाली. "गाठ म्हणजे कटकटी गिऱ्हाईक."

तिसरा बाईंनी मुलापुढे धरला. "पिवळे तीन," तो म्हणाला, "म्हणजे मागच्या दाराने द्यायचं, कुत्रा आहे." त्याने इतकं मोठं वाक्य एका दमात बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"कधीपासून येतंय तुम्हाला हे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "झाली की काही वर्षं," वाफवाली म्हणाली. "रोज बघतो ना. तूही अशीच उचलली होतीस की."

"मग मी डॉक्टरकडे जाते तेव्हा गाडी थांबवून माझी वाट का बघता?"

"तुला आवडतं म्हणून," वाफवाली म्हणाली.

बाई स्टुलावर बसल्या. सुनेच्या स्टुलावर. एवढी वर्षं जे रहस्य त्या पदराखाली झाकून फिरत होत्या, ते सगळ्या गावाने पाहिलेलं होतं आणि केवळ दयेपोटी कुणी पदराकडे बघत नव्हतं. राणीच्या बाबतीत निदान लोकांना राग तरी आला होता. इथे नुसतं सांभाळून घेतलं जात होतं, आजारी मुलाला खेळात मुद्दाम जिंकू देतात तसं.

"म्हणून जातेस?" त्यांनी सुनेला विचारलं. "खुर्चीसाठी नाही?"

"खुर्चीचं काय करायचंय, आई? ती एका पायाने डुगडुगते." सून त्यांच्यासमोर उभी राहिली. "मला येत असून येत नाही असं दाखवायचा कंटाळा आलाय. सकाळी आल्यापासून जाईपर्यंत. भांडले असते, पण तुमच्याशी भांडलं की तुम्ही दोन दिवस जेवत नाही."

हे खरं होतं. बाई दोन दिवस जेवत नसत, म्हणजे सगळ्यांसमोर जेवत नसत.

भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. बाईंनी इस्त्रीच्या साडीवरची, नसलेली सुरकुती हाताने सारखी केली. मनात चांगली चार वाक्यं तयार झाली होती, राणीला शोभतील अशी, पण ती बोलायला घेतली असती तर पुन्हा सगळ्यांना ऐकत बसावं लागलं असतं.

"त्या खुर्चीवरची उशी माझी आहे," त्या म्हणाल्या. "ती मी घेऊन जाणार. तुझी तू बघ."

सून खुर्चीकडे वळून बघू लागली.

"आणि डुगडुगणारा पाय डावीकडचा मागचा आहे. कागद घालून काही होत नाही, मी घालून पाहिलाय. सुतार बोलाव. मला विचारू नकोस. मी नाहीच म्हणेन, सवय आहे."

त्या काउंटरकडे गेल्या, उशी काखोटीला मारली आणि मागे येऊन घडीवालीच्या शेजारी उभ्या राहिल्या. टॉवेलांची चवड समोर होती. पहिल्या टॉवेलची घडी त्यांनी घातली तशी घडीवालीने ती उचलली, उलगडली आणि परत त्यांच्यापुढे ठेवली.

"कडा जुळत नाहीयेत," ती म्हणाली.

बाईंच्या जिभेवर एक उत्तर आलं, सणसणीत. ते त्यांनी टॉवेलाच्या घडीत घालून ठेवलं.

यंत्रं पुन्हा सुरू झाली. त्या घरघरीत सुनेचा फोनवरचा आवाज तुटक तुटक येत होता. बाईंनी कान एवढा ताणला की दुसऱ्या टॉवेलच्या कडाही जुळल्या नाहीत. "हो, विचार केला... आभारी आहे, पण नाही जमणार... नाही, पगाराचं नाही... इथे एका खुर्चीचा पाय दुरुस्त करायचाय." पलीकडच्या माणसाला काय कळलं कोण जाणे.

बाईंनी टॉवेल तोंडावर दाबला आणि घाम पुसल्यासारखं केलं. वाफवालीने ते पाहिलं आणि वाफ जरा जास्त सोडली.

थोड्या वेळाने वकीलसाहेब आले. सुनेने खुर्चीत बसल्या बसल्या कोट हँगरवरून काढला आणि सरळ पुढे सरकवला. कॉलर नाही, अस्तर नाही, काही नाही. मागे टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंची बोटं आपोआप वळली, नसलेली शिवण चाचपल्यासारखी. त्यांनी ती टॉवेलाखाली दडवली.

"बाई, आज मागे?" साहेबांनी मान वाकडी करून विचारलं. "आणि तुम्ही सांगत होता त्या राणीचं काय झालं शेवटी?"

"शेवट मला पहिल्याच दिवशी कळला होता, साहेब. सुरुवात आज कळली." बाई पुढे आल्या आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आणि ते एक, मी तुम्हाला तहाचं सांगितलं होतं ना. आधी तह करतात आणि मग भांडण शोधतात. ते विसरून जा. ते उलटं होतं."

साहेब कोट घालता घालता एका बाहीत अडकले. "उलटं कसं? बाई, मी ते कोर्टात वापरलं. दोन भावांच्या वाटणीच्या खटल्यात."

"मग?"

"न्यायाधीशांनी लिहून घेतलं. खटला जिंकलो."

बाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने ओठ दाबून धरले होते. खुर्ची मात्र तिच्याखाली डुगडुगत होती, हसण्याने का पायाने ते कळत नव्हतं.

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि टॉवेलांकडे परत गेल्या. घडीवालीला विचारून त्यांनी कानात इअरफोन घातला, कमरेच्या बटव्यातून चष्मा काढला, सगळ्यांसमोर नाकावर चढवला आणि फोनवर बोट ठेवून खाली, अगदी खालपर्यंत गेल्या. तलवारीच्या चित्राचा सगळ्यात तळाचा भाग होता. एवढ्याशा शेताच्या बांधावरून दोघांची हमरीतुमरी सुरू झाली होती.

"आता होणार बघ युद्ध," त्या घडीवालीला म्हणाल्या.